भिशीचे पैसे: वजनाचं इंजेक्शन लेकीला द्यायचं की मी घ्यायचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

कोल्हापुरातून एका ताईंनी लिहिलंय. वय ४९, दहा वर्षांपासून शुगर, बीपीची गोळी चालू, गुडघे धरलेत. वजन ८४ किलो, उंची पाच फूट एक इंच, परवाच्या रिपोर्टमध्ये एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ८.६ आलं. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुचवलं, तर या 'विचार करून सांगते' म्हणून घरी आल्या. मुलगी २५ वर्षांची, नोकरी करते, वजन ६८, उंची पाच फूट तीन, रिपोर्ट सगळे नॉर्मल. तिच्यासाठी स्थळं बघणं चालू आहे, आणि दोन ठिकाणांहून 'मुलगी जरा तब्येतीनं आहे' असा निरोप आलाय. नणंदबाईंचं म्हणणं, पुण्यात ओळखीचा एक जिमवाला तेच इंजेक्शन बिलाशिवाय स्वस्तात देतो, लग्न जमेपर्यंत तीन महिने मुलीला द्या, कुणाला सांगू नका, आणि पैसे वाचवायचे असतील तर एकच पेन मायलेकी दोघी वापरा. मिस्टर म्हणतात ही सगळी फॅडं, रंकाळ्याला रोज एक फेरी मारा. पुढच्या महिन्यात भिशीचे ६० हजार हातात येणार आहेत. ताई विचारतात: "माझं आता काय राहिलंय, पोरीचं मार्गी लागू दे, तर हे पैसे तिच्या इंजेक्शनला घालू का? सासरच्यांना सांगावं लागेल का? आणि असं सुई टोचून बारीक होणं ही फसवणूकच नाही का?"

ताई, नमस्कार.

"माझं आता काय राहिलंय" या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्याच्यातनंच निघालेत. ४९ हे काय असं म्हणायचं वय आहे का? पत्र परत एकदा वाचून बघा. दहा वर्षांची शुगर कुणाची, तुमची. बीपी कुणाचं, गुडघे कुणाचे, डॉक्टरांनी समोर बसवून औषध सुचवलं कुणाला, सगळं तुमचंच. आणि मुलीच्या बाजूला काय लिहिलंय तर दोन स्थळांचा निरोप. म्हणजे पेशंट तुम्ही आहात, आणि औषध द्यायचं चाललंय मुलीला. मला यात तुमची माया दिसते, पण हे बरोबर नाही हे स्पष्ट सांगायलाच पाहिजे. मी डॉक्टर नाही, तुमची तपासणी मी केलेली नाही, त्यामुळे "घ्या" किंवा "घेऊ नका" मी सांगणार नाही. पण या औषधांबद्दल जे पक्कं ठाऊक आहे ते सगळं सांगते, ते घेऊन डॉक्टरांकडं जा.

आधी हे औषध आहे काय ते समजून घ्या, कारण नणंदबाईंनी तुम्हाला ते बारीक व्हायचं इंजेक्शन म्हणून सांगितलंय आणि मिस्टरांनी फॅड म्हणून. आपण जेवलो की आतड्यातनं जीएलपी-१ नावाचं एक हार्मोन सुटतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, जठर हळू रिकामं करतं आणि मेंदूला कळवतं की पोट भरलं, आता बास. पण हे आपलं स्वतःचं हार्मोन रक्तात जेमतेम दोन-तीन मिनिटं टिकतं, म्हणून त्याचं औषध करायचं कसं हा प्रश्न होता. नव्वदच्या दशकात न्यूयॉर्कच्या डॉ. जॉन इंग यांना गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या विषात तसंच काम करणारा पण जास्त वेळ टिकणारा पदार्थ सापडला, आणि त्यावरनं २००५ मध्ये या जातीचं पहिलं औषध अमेरिकेत आलं, तेही शुगरसाठी. आताचं सेमाग्लुटाइड आठवडाभर टिकतं म्हणून आठवड्याला एकच सुई. ओझेम्पिक या नावानं ते २०१७ मध्ये शुगरसाठी मंजूर झालं, वेगोव्ही या नावानं वजनासाठी २०२१ मध्ये. टिर्झेपाटाइड, म्हणजे माउंजारो, हे दोन हार्मोनचं काम एकत्र करतं. भारतात माउंजारो मार्च २०२५ मध्ये आलं, वेगोव्ही जूनमध्ये आणि ओझेम्पिक डिसेंबरमध्ये. तर बघा, हे औषध मुळात तुमच्यासारख्या शुगरवाल्यांसाठी निघालं, वजनाचं नंतर जोडलं गेलं, आणि तुम्हालाच वाटतंय की ते दुसऱ्या कुणाचं आहे.

आता फसवणुकीचं. बीपीची गोळी तुम्ही रोज घेता, तेव्हा तर मनात असं येत नाही. वजनाच्या बाबतीतच येतं, कारण आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की जाड माणूस म्हणजे खादाड आणि आळशी. पण वजन उतरायला लागलं की शरीरच भूक वाढवतं आणि कॅलरींचा खर्च कमी करतं, त्याला जुनं वजन परत पाहिजे असतं, म्हणून डाएट करून उतरलेलं वजन बहुतेकांचं परत येतं. इच्छाशक्तीला दोष देत आयुष्य काढायची गरज नाही. डिसेंबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं लठ्ठपणासाठी या औषधांची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात लठ्ठपणा हा दीर्घकाळ चालणारा आजार आहे असंच धरलंय.

मिस्टरांची रंकाळ्याची फेरी चुकीची नाही, चालणं पाहिजेच, पण गुडघे धरलेल्या बाईला रोज एक फेरी मार म्हणणं सोपं आणि मारणं अवघड. २०२४ मध्ये एक ट्रायल छापून आली, गुडघ्याचा संधिवात आणि वजन दोन्ही असलेल्या लोकांवर सेमाग्लुटाइडची, त्यात वजन तर उतरलंच पण गुडघेदुखीही औषध नसलेलं नुसतं इंजेक्शन दिलेल्यांपेक्षा चांगली जास्त कमी झाली. त्याच वर्षी दुसरी आली, शुगरबरोबर किडनीचा आजार असलेल्यांवरची, त्यात किडनी निकामी होण्यासारखे गंभीर प्रकार २४ टक्क्यांनी कमी दिसले. मिस्टरांना हे वाचून दाखवा. आधी औषधानं थोडं हलकं व्हायचं आणि मग रंकाळा गाठायचा असाही क्रम असू शकतो.

कुणाला देतात हे औषध? वजनासाठी द्यायचं तर लेबलवर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३० च्या वर, किंवा शुगर, बीपी असं काही सोबत असेल तर २७ च्या वर, असं लिहिलेलं आहे. तुमचा बीएमआय निघतो ३५, शिवाय शुगर आणि बीपी आहेच. लेकीचा निघतो साडेसव्वीस, सोबत काही नाही. तुम्ही त्यात सरळ बसता आणि ती बसत नाही.

आता कुणी म्हणेल, पण आपल्या भारतीयांसाठी तर २५ च्या वरच लठ्ठपणा धरतात. खरं आहे, आणि ते का धरतात हे कळायला पुण्याचंच उदाहरण आहे. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात दोघांचा एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपल्याकडची माणसं दिसायला बारीक आणि आतनं चरबीवाली, हे त्या एका फोटोनं जगाला दाखवलं. म्हणूनच बीएमआयचा एकटा आकडा बघून चालत नाही, कंबर बघायची, रिपोर्ट बघायचे. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या डॉक्टरांनी जे नवीन निकष मांडले त्यातही तेच म्हटलंय, की वजनामुळं शरीरावर काही परिणाम झालाय की नाही ते बघा. घरातली शिवणकामाची टेप घ्या, लेकीची कंबर मोजा, तुमचीही मोजा. बायकांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच, ही आपल्याकडं धरलेली रेषा आहे. तिची त्याच्या वर असेल तर जेवण, झोप आणि वजनं उचलायचा व्यायाम यावर आता लक्ष द्यावं, पंचविशीत ते चांगलं लागू पडतं आणि घरात दहा वर्षांची शुगर असल्यामुळं तिनं ते करायलाच पाहिजे. पण ते तिच्या तब्येतीसाठी. स्थळासाठी नव्हे.

तीन महिन्यांचा नणंदबाईंचा हिशोब तर मुळातच चुकलाय. वेगोव्हीचं घ्या, पहिले चार आठवडे ०.२५ मिलिग्रॅम, तो डोस फक्त अंगाला सवय व्हावी म्हणून, मग दर चार आठवड्यांनी थोडा थोडा वाढवत २.४ पर्यंत जायचं, म्हणजे पूर्ण डोसला पोचायलाच चार महिने. सरासरी १५ टक्के वजन उतरलं असा जो आकडा सगळे सांगतात तो ६८ आठवड्यांचा आहे, सव्वा वर्षाच्या वर. आणि थांबवलं की? त्याच ट्रायलमधल्या लोकांचं औषध बंद करून वर्षभरानं बघितलं तर उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं होतं. म्हणजे लग्नात बारीक आणि पहिल्या वाढदिवसाला परत आहे तिथं, आणि तेव्हा "आधी तर बारीक होतीस" हे ऐकायला ती एकटी, सासरी.

त्याहून गंभीर गोष्ट सांगते, मुलीच्या लग्नाआधी हे इंजेक्शन द्यायचा विचार करणाऱ्या प्रत्येक आईनं वाचावी. गरोदरपणात ही औषधं चालत नाहीत, आणि सेमाग्लुटाइड तर दिवस राहायचा विचार असेल तर किमान दोन महिने आधी बंद करायचं असतं. टिर्झेपाटाइड घेताना गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो, सुरू करताना आणि डोस वाढवताना दुसरं साधन वापरा असं कंपनीच सांगते. आता आपल्याकडं लग्नाला सहा महिने झाले की गोड बातमी कधी म्हणून विचारणं सुरू होतं, त्यात हे सगळं लपवून चालू असेल तर ती पोर कुणाला विचारणार? आठवड्याचं पेन ठेवायचं कुठं, फ्रिजमध्येच ना, सासरच्याच?

जिमवाल्याचं इंजेक्शन तर हातात पण घेऊ नका. बिल नाही म्हणजे बॅच नंबरचा पत्ता नाही. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बनावट सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिला होता, वेगवेगळ्या देशांत खोटी पेनं सापडली होती. आणि खरं जरी असलं तरी न उघडलेलं पेन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं, ते पुण्याहून कुणाच्या तरी पर्समधनं, दुपारच्या गाडीत, एप्रिलच्या उन्हात येणार, मग त्यात काय शिल्लक राहतं? दोघींनी एक पेन वापरायचं तर अजिबात नाही, सुई बदलली तरी नाही, पेनच्या आत एकीचं रक्त मागं जाऊ शकतं आणि त्यातनं कावीळ बी, सी, एचआयव्ही असलं काहीही पसरू शकतं. नणंदबाईंनी चांगल्या मनानंच सुचवलं असेल, पण याला तोंडावर नाही म्हणा.

आणि मुलीचं काय म्हणणं आहे? एवढ्या लांब पत्रात तिच्या तोंडचं एक वाक्य नाही. पंचवीस वर्षांची, कमावती मुलगी आहे, तिला विचारलंय का? तिला तो "तब्येतीनं आहे" निरोप शब्दशः सांगितलात का, का लपवून ठेवलात आणि ती आपलं ताटातली भाकरी कमी करत बसलीय? एखाद्या संध्याकाळी दोघीच बसा आणि तिला विचारा की तुला स्वतःला तुझ्या वजनाचा काही त्रास होतोय का, जिना चढताना, पाळीच्या वेळी, कपडे घेताना, आणि मग गप्प बसून ऐका. स्थळाचा विषय तिनं काढला तर बोला, तुम्ही काढू नका. बायोडेटावर तिचा आताचा, पूर्ण उंचीचा फोटो लावा, दोन वर्षांपूर्वीचा नको. ज्यांना चालत नाही ते चहा-पोह्यापर्यंत येणारच नाहीत, आणि तुमच्या लेकीला बाहेरच्या खोलीत बसवून वरपासून खालपर्यंत बघितलं जाणार नाही. मध्यस्थांना सांगून टाका, वजनाबद्दलचे निरोप आमच्यापर्यंत आणू नका, नकार असेल तर नकार एवढंच कळवा. दोन घरांनी नाही म्हटलं म्हणून औषध चालू करायचं तर तिसऱ्या घरानं रंगावरनं नाही म्हटल्यावर काय करणार आहात?

या सदराच्या इतर वाचक मुलींसाठी मध्येच सांगते, पीसीओडी असेल, पाळी महिनोनमहिने येत नसेल, शुगर सीमेवर असेल, तर तुमची गोष्ट वेगळी आहे, तिथं वजन हा आजाराचाच भाग असतो, स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, यांना भेटून ठरवा. वरचं वाचून औषधालाच घाबरू नका.

आता परत तुमच्याकडं. समजा तुम्ही डॉक्टरांना हो म्हणालात, तर आधी काय काय विचारायचं? दहा वर्षांची शुगर आहे म्हणून आधी डोळ्याचा पडदा तपासून घ्या, कारण शुगर एकदम झपाट्यानं उतरली तर आधीपासून खराब असलेला पडदा सुरुवातीला आणखी बिघडू शकतो. तुमच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड असेल किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्याचा डोस कमी करावा लागतो का ते विचारा, नाहीतर शुगर लो होऊन घाम, थरथर, चक्कर. पित्ताशयात खडे, स्वादुपिंडाला सूज असं आधी कधी झालंय का, आणि घराण्यात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर झालाय का, हे त्यांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. आंबाबाईच्या नवरात्रात नऊ दिवस उपवास धरत असाल तर तेही सांगा, इंजेक्शननं भूक कमी, त्यात उपवास, त्यात शुगरची गोळी, हे तिन्ही एकत्र धोक्याचं आहे. कधी ऑपरेशनची वेळ आली तर भूल देणाऱ्यांना हे इंजेक्शन चालू असल्याचं सांगायचं, जठर हळू रिकामं होत असतं म्हणून. मळमळ, बद्धकोष्ठता हे पहिल्या आठवड्यांत बऱ्याच जणांना होतं, कमी खायचं, सावकाश खायचं, पोट भरलं वाटलं की ताटात उरलं तरी उठायचं, कटाचं तेल आणि तळलेलं त्या दिवसांत बाजूला ठेवायचं. पोटात जोरात, पाठीपर्यंत जाणारी कळ थांबतच नसेल, उलट्या होत असतील, तर मात्र वाट न बघता दवाखाना.

आणि एक गोष्ट जी दवाखान्यात सहसा कुणी विचारत नाही ती म्हणजे तुमचं ताट. या औषधानं चरबीबरोबर स्नायूपण उतरतात, ते वाचवायचे तर प्रोटीन पाहिजे आणि स्नायूंना काम पाहिजे. आता आपल्या घरातला रविवार आठवा. तांबडा, पांढरा, सुकं, सगळं तुम्ही करायचं, फोडी आधी पुरुषांच्या आणि पोरांच्या ताटात, मग पाहुण्यांच्या, आणि तुम्ही शेवटी बसता तेव्हा पातेल्यात रस्सा आणि एखादं हाडूक. दोन वाट्या रस्सा आणि भातावर तुमचं जेवण होतं. इंजेक्शननं भूक निम्मी झाल्यावर त्या निम्म्या जेवणात जर रस्सा-भातच असेल तर सहा महिन्यांनी वजन उतरेल पण जिना चढायची ताकद राहणार नाही. तेव्हा वाढतानाच स्वतःच्या चार फोडी वेगळ्या वाटीत काढून झाकून ठेवायच्या. रोजच्याला अंडी, घट्ट डाळ, मटकी, दही. किडनीवर परिणाम झाला असेल तर किती प्रोटीन चालेल ते डॉक्टर सांगतील. व्यायाम म्हणाल तर हात न टेकता खुर्चीवरनं उठायचं आणि बसायचं, दिवसातनं चार-पाच वेळा, गुडघ्याला झेपेल तेवढं, तिथनं सुरुवात.

पैशाचं. माउंजारो आलं तेव्हा ५ मिलिग्रॅमची एक वायल ४,३७५ रुपयांना होती, आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला साडेसतरा हजार, त्या भावानं तुमची भिशी साडेतीन महिन्यांत संपली असती. पण सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचंच होतं, ते संपलं की आपल्या कंपन्यांना तेच औषध करता येतं आणि भाव उतरतो. एम्पाग्लिफ्लोझिन ही शुगरची गोळी आठवते का, मार्च २०२५ मध्ये तिचं पेटंट संपल्यावर भाव कितीतरी खाली आला. त्यामुळं जुने आकडे ऐकून घाबरू नका, चिठ्ठी घेऊन दोन केमिस्टकडं आजचा भाव विचारा, वेगवेगळ्या कंपन्यांचा. आणि ६० हजार आहेत म्हणून सुरू करू नका, महिन्याला किती जमेल आणि तेही वर्षानुवर्षं, असा हिशोब मिस्टरांबरोबर बसून करा, कारण हे औषध मध्येच सोडलं की काय होतं ते वर सांगितलंच. झेपत नसेल तर डॉक्टरांना तसं तोंडावर सांगा. शुगर आणि किडनीसाठी चांगल्या आणि स्वस्त गोळ्या आज आहेत, ८.६ खाली आणायचे दुसरेही रस्ते आहेत. "विचार करून सांगते" म्हणून पुढं ढकलणं तेवढं नको.

भिशी हातात यायची वाटही बघू नका, तपासण्यांना ६० हजार लागत नाहीत, शुगर, किडनी, डोळे हे सीपीआर या आपल्या सरकारी दवाखान्यातही बघून होतं. याच आठवड्यात डोळ्याचा पडदा तपासा, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत भरा, आणि डॉक्टरांकडं जाताना मिस्टरांना बरोबर घ्या. लेकीला यायचं असेल तर तीही येऊ दे, तुमच्यासोबत म्हणून.